घरचें शेत आणि घरचे हात

दोंडाईचाहून शहाद्याकडे जातांना तापीचा पूल ओलांडला कीं सारंगखेडा हें गांव लागतें. मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, येथें एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते, आणि तिच्याबरोबरच घोड्यांचा तो बाजार भरतो, ज्याच्यामुळें या गांवाचें नांव परप्रांतांतहि ठाऊक झालें आहे. शहरांतून आलेला पाहुणा घोडे पाहतो, त्यांची चाल पाहतो, लाखांचे आंकडे ऐकून थक्क होतो आणि परत फिरतो. यात्रेंतच शेतीच्या अवजारांचीहि दुकानें मांडलेलीं असतात. तिकडे त्याचें पाऊल सहसा वळत नाहीं. तेथें उभा असतो पंचक्रोशींतला शेतकरी. विळ्याची धार तो अंगठ्यानें पारखतो, वखराची पास हातांत तोलून पाहतो, किंमत विचारतो, पुढें जातो आणि थोड्या वेळानें पुन्हां मागें येतो.

यात्रेची वेळ त्याच्या सोयीचीच आहे. कपाशीची वेचणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. मार्गशीर्षापर्यंत थोडा कापूस विकला गेलेला असतो आणि घरांत रोकड आलेली असते. त्या पैशांतून खतवाल्याची उधारी किती फेडावयाची, सोसायटीचें कर्ज केव्हां भरावयाचें, लेकीला साडी घ्यावयाची कीं फवारणीचा पंप, हें सारें तो उभ्याउभ्याच मनांत मांडीत असतो. या हिशेबांत एक रक्कम मात्र कधींच धरलेली नसते. ती म्हणजे त्याच्या स्वतःच्या, त्याच्या पत्नीच्या, म्हाताऱ्या आईबापांच्या आणि मुलांच्या मजुरीची. घरचें शेत चालतें कसें, आणि तें चालूनहि घराला पुरत कां नाहीं, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या न धरलेल्या रकमेंत सांपडतात.

सारंगखेड्याचा परिसर दरिद्री भूमीचा नव्हे. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं दोन भाग झाले. त्यांतील पश्चिम भाग पुढें धुळें जिल्हा म्हणून ओळखला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजीं त्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. या जिल्ह्यांतील शहादें तालुका तापीच्या उत्तर तीरापासून सातपुड्याच्या पायथ्याकडे पसरलेला आहे. नदीकांठची जमीन काळी, खोल आणि ओल धरणारी आहे. सारंगखेडा आणि प्रकाशें या दोन्ही ठिकाणीं तापीवर बंधारे झाल्यामुळें पात्रांत पाणी उभें राहतें. कापूस, ऊंस, केळी, पपई, मिरची, गहूं, हरभरा अशीं पिकें येथें निघतात. परंतु पात्रांतलें पाणी आणि शेतांतलें पाणी यांच्यामध्यें नदीची उंच दरड आहे. तें वर चढवावयास पंप पाहिजे, नळ पाहिजे, वीज पाहिजे. कांठावरच्या सहकारी उपसा-सिंचन योजना कित्येक वर्षें बंद पडून राहिल्या. तेवढ्या काळांत ज्याच्यापाशीं पैसा होता त्यानें स्वतःची नळवाट केली, इतरांनीं कूपनलिकेवर भिस्त ठेवली, आणि उरलेल्यांनीं आभाळाकडे पाहिलें. अशा रीतीनें एकाच काळ्या मातींत तीन निरनिराळ्या प्रकारचे शेतकरी शेजारीं-शेजारीं राहतात.

शेताचें वर्ष खानदेशांत आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बदलतें. आखाजी झाली कीं उन्हांत वखरणी, काडीकचरा वेंचणें, शेणखत टाकणें, ही तयारी सुरू होते. ज्याच्याकडे पाणी आहे तो पावसाआधींच कपाशी लावतो. दुसरा मृगाची वाट पाहतो. मग निंदणी, कोळपणी, खतें आणि फवारण्या एकामागून एक येतात. वेचणीचें काम कंबर वाकवून दिवसभर चालतें, आणि तें बहुतेक स्त्रियाच करतात. कपाशी उभी असतांनाच गहूं-हरभऱ्याची पेरणी निघते आणि रात्रीचें पाणी भरणें मागें लागतें. शेतीच्या पंपांचा वीजपुरवठा महाराष्ट्रांत अनेक वर्षें आळीपाळीचा राहिला: एका आठवड्यांत दिवसां आठ तास, तर दुसऱ्यांत रात्रीं दहा तास. अलीकडे सौर योजनांमुळें दिवसां वीज मिळण्याची सोय वाढत आहे. तरी पौषांतल्या थंडींत मध्यरात्रीं उठून बारें देणाऱ्या माणसाचें चित्र अजून जुनें झालेलें नाहीं. वाटेंत साप असतो, उसाच्या फडांत बिबट्या असतो. या रात्रींची मजुरी कोणी कोणाला देत नाहीं, कारण पाणी भरणारा बहुधा घरचाच मुलगा असतो.

घरांतील स्त्रीचें काम तर याहून अदृश्य. पहांटे उठून म्हशीचें दूध काढणें, शेण आवरणें, भाकरी करून शेतावर नेणें, तेथें निंदणीला बसणें, परततांना डोईवर चाऱ्याचा भारा आणणें, आणि संध्याकाळीं पुन्हां चूल. यांतील प्रत्येक काम दुसऱ्याकडून करवून घेतलें तर पैसे मोजावे लागतील. घरच्या स्त्रीनें केलें म्हणजे तें काम राहत नाहीं, रीत होते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पुष्कळदां तिचें नांवहि नसतें. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति' मोहीम काढून शेतकऱ्यांना जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करण्याचें आवाहन केलें, त्यामागें हीच जाणीव होती.

सरकारी हिशेबनीस या बाबतींत शेतकऱ्यापेक्षां अधिक चौकस आहेत, ही गोष्ट शहरी वाचकास चमत्कारिक वाटेल. १९६५ सालीं केंद्र सरकारनें कृषिमूल्य आयोग स्थापला. हा आयोग पिकाचा खर्च तीन पायऱ्यांनीं मांडतो. पहिल्या पायरीवर बियाणें, खत, औषध, डिझेल, बाहेरची मजुरी असा हातांतून गेलेला खर्च असतो. दुसऱ्या पायरीवर त्यांत घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल मिळविलें जातें. तिसऱ्या पायरीवर स्वतःच्या जमिनीचें भाडें आणि गुंतविलेल्या भांडवलाचें व्याजहि धरलें जातें. २००४ सालीं डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय शेतकरी आयोग नेमला गेला. हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट असावा, अशी त्याची शिफारस होती. २०१८ सालच्या अर्थसंकल्पांत सरकारनें दीडपटीचें तत्त्व मान्य केलें, पण त्यासाठीं दुसरी पायरी धरली. तिसरी धरावी अशी शेतकऱ्यांच्या संघटनांची मागणी आहे. हा वाद वर्तमानपत्रांत रूक्ष वाटतो. वस्तुतः घरच्या जमिनीला आणि घरच्या हातांना किती मोल द्यावें, एवढाच तो प्रश्न आहे.

एका काल्पनिक घराचें उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाची पांच एकर ओलिताची कपाशी आहे. एकरीं आठ क्विंटल कापूस निघाला आणि क्विंटलला सात हजार रुपये भाव मिळाला, तर एकरीं छप्पन्न हजार रुपये येतात. बियाणें, खत, औषध, ट्रॅक्टर, वीज आणि बाहेरच्या मजुरांची निंदणी-वेचणी यांवर चौतीस हजार गेले असें धरूं. एकरीं बावीस हजार उरले, म्हणजे पांच एकरांत एक लाख दहा हजार. शेतकरी हाच आपला नफा समजतो. आतां पति, पत्नी आणि मुलगा यांनीं प्रत्येकीं दीडशें दिवस त्या शेतांत काम केलें असेल, तर एकूण साडेचारशें दिवस झाले. एक लाख दहा हजारांस साडेचारशेंनीं भागलें असतां दिवसाला सुमारें दोनशें चव्वेचाळीस रुपये येतात. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर २९७ रुपये होता. म्हणजे आपल्याच शेताचा मालक असलेला हा गृहस्थ सरकारी खडी फोडणाऱ्यापेक्षांहि कमी मजुरीवर राबला, आणि जमिनीचें भाडें तर त्याला कांहींच मिळालें नाहीं.

याच उदाहरणांत भाव केवळ एक हजार रुपयांनीं उतरला असें मानावें. खर्च होता तेवढाच राहतो, कारण तो आधींच झालेला असतो. एकरीं आठ हजार कमी येतात, पांच एकरांत सत्तर हजार उरतात, आणि घरच्या माणसाचा रोज दोनशें चव्वेचाळीसांवरून एकशें पंचावन्नांवर येतो. भाव सातवा हिस्सा उतरला. घरची मजुरी तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरली. खतवाल्याचे पैसे कमी होत नाहींत, सोसायटीचें व्याज कमी होत नाहीं, वेचणाऱ्या बाईची मजुरीहि द्यावीच लागते. बाजाराचा सगळा धक्का शेवटीं घरच्याच पाठींवर येऊन विसांवतो. 

मग असा धंदा माणूस सोडीत कां नाहीं? या प्रश्नाचा विचार रशियांतील अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानॉव्ह यानें केला होता. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें असें दाखविलें कीं, शेतकरी कुटुंब हें कारखान्यासारखें वागत नाहीं. कारखानदार मजुरी देऊन नफा उरत नाहीं असें दिसतांच दरवाजे बंद करतो. कुटुंबाला मजुरी द्यावयाचीच नसते. खाणारीं तोंडें मात्र भरावयाचीं असतात. म्हणून उत्पन्न कमी पडलें तर कुटुंब काम कमी करण्याऐवजीं वाढवितें, आणि घरच्या गरजा व अंगाची दमछाक यांचा मेळ बसेपर्यंत राबत राहतें. चायानॉव्हला पुढें त्याच्याच देशांतील राजवटीनें पकडलें आणि १९३७ सालीं ठार केलें. परंतु त्याचें म्हणणें तापीच्या कांठीं आजहि पडताळून पाहतां येतें. ज्या भावांत कंपनीची शेती मोडून पडेल त्या भावांत घरचें शेत तग धरतें. त्याचें बळ तेंच आहे, आणि त्याची दुर्बलताहि तींच, कारण तग धरण्याची किंमत देहानें भरलेली असते.

यावर उपाय म्हणून शेतकरी अधिक पैशाच्या पिकाकडे वळतो. शहादें तालुक्यांत पपईचे मळे वाढले ते याच आशेनें. पपईचें झाड आठ-नऊ महिन्यांत फळ देऊं लागतें आणि एकरीं उत्पन्न कपाशीहून पुष्कळ मोठें असूं शकतें. पण विषाणूजन्य रोगानें बाग पिवळी पडली तर लावलेलें भांडवल जातें. आणि फळावर रंगाची रेघ उमटल्यावर तें थांबत नाहीं. उत्तर हिंदुस्थानाकडे जाणारा ट्रक त्या दिवशीं आला नाहीं, किंवा व्यापाऱ्यानें भाव पाडून मागितला, तर शेतकऱ्यापाशीं वाट पाहण्याचें सामर्थ्य नसतें. पपईला किंवा मिरचीला हमीभाव नाहीं. उसाला कायद्यानें ठरलेला किमान दर आहे, परंतु तोडणीची टोळी कारखाना पाठवील तेव्हां येते, आणि उभा ऊंस जितका वाळतो तितका वजनांत घटतो. कापूस खेडा-खरेदींत दारावरच विकला तर रोख पैसे लगेच मिळतात, भाव मात्र देणारा ठरवितो. ज्याला उद्यां उधारी फेडावयाची आहे त्याचा माल आजच विकला जातो. पिकें बदललीं तरी ही घाई बदलत नाहीं.

येथवर घरच्या हातांची गोष्ट झाली. पण घरचें शेत सर्वस्वीं घरच्या हातांवर चालतें असें म्हणणें अर्धसत्य होईल. खानदेशांत आखाजीला सालदार ठरतो. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंतचा त्याचा करार असतो. पूर्वीं या करारांत दिवसाच्या कामाला मर्यादा नव्हती आणि सुटीचा दिवस नव्हता. सालदार आणि मजूर बहुतेक भिल्ल समाजाचे. त्यांतील कित्येकांच्या स्वतःच्या जमिनी कर्जापायीं गेलेल्या होत्या. १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज यांच्या पुढाकारानें शहाद्याच्या परिसरांत या लोकांची चळवळ उभी राहिली आणि १९७२ सालीं श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, मजुरी वाढावी आणि सालदारीच्या अटी सुधाराव्यात, ह्या तिच्या मागण्या होत्या. आदिवासींच्या जमिनी परत करण्यासंबंधींचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. सालदार आतां कमी झाले आहेत. पुष्कळ काम उक्तें दिलें जातें, आणि डोंगराकडचीं कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर ऊंसतोडीला गुजरातेंत जातात.

शेतमालक आणि मजूर यांचे हे संबंध समजून घेतांना वरचा हिशेब विसरून चालत नाहीं. स्वतःच्या पत्नीच्या दिवसाची किंमत ज्यानें कधीं मांडली नाहीं, त्याला मजूर स्त्रीनें मागितलेली वाढ अन्याय्य वाटते. 'मला तरी कोठें एवढें सुटतें?' असें तो म्हणतो, आणि त्याचें म्हणणें खोटें नसतें. मजुराचें म्हणणेंहि खोटें नसतें. एकाच अपुऱ्या भावाचीं हीं दोन टोकें एकमेकांशीं भांडत राहतात, आणि भाव ठरविणारा त्या बांधावर उपस्थितच नसतो.

याच्या जोडीला वांटणीचा प्रश्न आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. तेथील सरासरी धारणा १७७१ सालीं चाळीस एकर होती. १९१४-१५ पर्यंत ती सात एकरांवर आली होती. त्या गांवाच्या शेतांवर आतां उंच इमारती उभ्या आहेत. १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा कायदा केला, तरी भावाभावांची तोंडी वांटणी कायद्याला विचारून होत नाहीं. कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील सरासरी धारणा १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर झाली. उदाहरणांतलें पांच एकरांचें कुटुंब म्हणूनच गरीब नाहीं. तें सरासरीच्या वरचें आहे.

सव्वातीन एकरांवर घर चालत नाहीं, तेव्हां घरांतला कोणीतरी बाहेर पडतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या आंकड्यांप्रमाणें देशांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतें. त्यांत मजुरी व पगार यांचे ४,०६३ रुपये होते आणि पिकांपासूनचें निव्वळ उत्पन्न ३,७९८ रुपये. शेतकरी म्हणून नोंदलेल्या घरालाहि शेतापेक्षां मजुरीनेंच अधिक पोसलें, असा याचा अर्थ. सारंगखेड्याच्या भागांतून तरुण सुरतेस जातात. दोंडाईचा-नंदुरबारवरून जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग त्यांना सरळ तेथें पोंचवितो. सुरतेहून आलेल्या पैशांतून गांवीं पंपाची दुरुस्ती होते, आणि गांवाकडून गव्हाचें पोतें सुरतेस जातें. शहर आणि शेत यांचें नातें एवढें जवळचें आहे. पुष्कळ शहरी कुटुंबांत असें पोतें आजहि येतें, आणि तें 'घरचें' म्हणून फुकट मानलें जातें.

तें फुकट नसतें, एवढी जाण जरी आली तरी पुष्कळ साधेल. शेतकऱ्याच्या घरीं शाळा-कॉलेजांत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असतेच. तिनें एका वहींत वर्षभर रोज लिहून ठेवावें: आज शेतांत कोण गेलें, किती वेळ, कोणत्या कामाला. आखाजीला बेरीज करावी आणि बाहेरच्या मजुरीच्या दरानें तिचें मोल मांडावें. कोणतें पीक खरोखर परवडतें, कोणतें केवळ आईच्या पाठीवर उभें आहे, हें त्या बेरजेंतून कळतें. कपाशी चालू ठेवावी कीं दोन म्हशी वाढवाव्यात, मुलानें रात्रीं पाणी भरावें कीं ठिबक घालण्यासाठीं अर्ज करावा, सातबाऱ्यावर आईचें नांव लागावें कीं नाहीं, हे निर्णय मग रागालोभानें न होतां आंकडे समोर ठेवून करतां येतात. भाव मागावयास जाणाऱ्यालाहि अशा वहीचा आधार 'परवडत नाहीं' या नुसत्या तक्रारीहून मोठा असतो.

शहरांतील गृहिणी मंडईंत पपई महाग म्हणून परत ठेवते, तेव्हां तिचीहि घरखर्चाची ओढाताण असते. तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तिनें भरलेल्या रुपयांतले किती आणे सारंगखेड्याच्या बांधापर्यंत पोंचले, हें विचारण्याचा हक्क मात्र तिला आणि शेतकऱ्याला सारखाच आहे. दत्ताच्या यात्रेंत विळा पारखणारा तो शेतकरी अखेर विळा घेतो. निंदणीला तो लागणारच असतो. घरीं गेल्यावर तो विळा बहुधा त्याच्या पत्नीच्या हातांत जाईल. विळ्याची किंमत खर्चाच्या वहींत लिहिली जाते. तो चालविणाऱ्या हातांसाठींहि त्याच पानावर एक रकाना आंखावयास हवा.